कच्चा टाका

आप्पांची राजदूत विकायचीच होती,
गिऱ्हाईक मिळेना.
भंगारवाल्यानं किलोवर भाव सांगितला
तेव्हा त्याला चहा पाजून लावून दिलं.

दिवसा मी ब्लाउज शिवते, उत्तरेश्वर पेठेत.
कटोरी, प्रिन्सेस कट, मागं लटकन.
रात्री साडेनवाला शटर अर्धं ओढते
आणि मशीन बदलते.

वेल्डिंगचं घेतलंय हप्त्यावर.
पहिली ठिणगी पडली तशी
बोळातल्या पाच घरांचे दिवे मिणमिणले.
खिडकीतून सरलाकाकू:
"शालन, सिरियलीत सून पळून चालली होती गं,
नेमका टीव्ही बंद पाडलास!"

उद्यमनगरातला दस्तगीरचाचा म्हणाला,
"रॉड कानानं चालव, पोरी.
भजी तळल्यागत आवाज आला की समज, लागलं."
सत्तेचाळिसाव्या वर्षी पोरी.
पहिले चार दिवस नुसतं तेलात पाणी पडल्यागत.
पाचव्या रात्री काच वर करून बघितलं, एकदाच,
आणि पहाटेपर्यंत डोळ्यांत वाळू.
बटाट्याच्या चकत्या ठेवून पडले,
अंधारात मोजत
कुणाकुणाचे हूक लावायचे राहिलेत.

टॅक मात्र मला कुणी शिकवला नाही.
आधी कच्चा टाका, मग पक्की टीप.
एका बाजूनं ओढत नेलं की लोखंडही चुणतं,
उरेब कापडागत.
इकडं एक, तिकडं एक,
मध्ये निवायला वेळ.

पुढचे दांडे आठ इंच वाढवले.
मग मान कापायची होती, फ्रेमची,
चाक लांब पुढं जावं म्हणून.
गळा किती खोल घेऊ,
हे हजार बायकांना विचारलं असेल मी.
आप्पांच्या गाडीला विचारताना
खडू हातातच राहिला.
त्या रात्री नुसती टाकी पुसली.

रविवारी चाचा घण घेऊन आला.
मानेला हात लावू नको म्हणाला, आधी तुकडा दे.
दिला. एका घावात दोन.
दुसरा दिला. तोही.
वरून ओळीनं माशाचे खवले, आत पोकळ.
"वरून झकास शिवलंयस."
आठ दिवस बोलले नाही मी त्याच्याशी.

सतराव्या तुकड्यावरून घण उसळला
आणि त्याच्याच गुडघ्याला लागला.
आधी शिव्या दिल्या, मग खाली बसून हसत सुटला.
मान मीच लावली.
त्यानं नुसती बॅटरी धरली,
आणि ती हलत होती.

सगळं झालं. रंग, सीट, उंच हँडल.
बाहेर काढली, तर बोळात वळेना.
जन्म टेप गळ्यात घालून काढला
आणि बोळाचं माप घ्यायचं राहिलं!
तालमीतली चौघं आली, अंगाला लाल माती तशीच,
नवरी उचलल्यागत उचलली
आणि कोपऱ्यावर नेऊन ठेवली.
एकजण म्हणाला, "काकू, नाद नाही करायचा तुमचा."
सरलाकाकूनं हळदीकुंकू लावलं,
टीव्हीचं काही काढलं नाही.

पहाटे चारला काढते आता.
तिसऱ्या किकला धरते, धूर तोच, आप्पांच्या वेळचा.
पंचगंगेच्या पुलावर वडणग्याचे गवळी समोरून येतात,
किटल्या वाजवत.
एक म्हातारा रोज वेग कमी करतो,
पुढचं चाक बघतो, मग मागचं,
काहीतरी ओळखीचं शोधत असल्यागत.

किटलीचे हूक कापले होते मी, दोन्ही बाजूंचे.
डावा परत लावला.
शिलाईत आत माया ठेवतो, तेवढाच.
त्यावर पिशवी असते,
आज पाटलीणबाईंचे तीन ब्लाउज,
एकाला काज करायचं राहिलंय.

वळायला हिला रस्ता फार लागतो.
म्हणून पुलापलीकडं, चौक रुंद आहे तिथपर्यंत जाते,
आणि तिथं, अंधारातच,
दोन्ही पाय टेकत टेकत
वळवते.